गाडीला कोनशिला नसते

दर अधिवेशनात आमच्या सातारा-सांगलीकडे एक वाद हमखास पेटतो. कुणी आमदार सभागृहात उभा राहून एसटीच्या बंद फेऱ्यांबद्दल, ग्रामीण रुग्णालयातल्या रिकाम्या पदांबद्दल नाहीतर महामार्गावरच्या खड्ड्यांबद्दल मंत्र्यांना प्रश्न विचारतो. दीड-दोन मिनिटांची चित्रफीत संध्याकाळपर्यंत गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर पोचते. मग एक बाजू म्हणते, "बघा, आमचा वाघ कसा गरजला!" दुसरी म्हणते, "प्रश्न कसले विचारताय, निधी आणा." आमदार सत्तेतला असेल तर तिसरी बाजूही उगवते, "स्वतःचं सरकार असून विचारायची वेळ येते, म्हणजे याला तिथं कोण विचारत नाही." दोन दिवस हे चालतं आणि विझतं. एवढ्या गदारोळात एक गोष्ट कुणीच विचारत नाही. मंत्र्यांनी उत्तर काय दिलं? आणि ज्या गावच्या गाडीचा प्रश्न होता, त्या गावाला गाडी आली का?

माझं म्हणणं आधीच मांडतो. सार्वजनिक सेवांच्या बाबतीत प्रश्न विचारणं हेच लोकप्रतिनिधीचं पहिलं काम आहे, निधी आणणं त्याच्या मागून येतं. फ्लेक्सवर 'कार्यसम्राट' वाचायची आपल्याला इतकी सवय झाली आहे की विधिमंडळाचा सदस्य हा मुळात सरकारला जाब विचारायला पाठवलेला माणूस आहे, हेच आपण विसरलो. या विसरण्याची किंमत सगळ्यांत आधी एसटीने मोजली आणि एसटीमागून तिच्यात बसणाऱ्यांनी. वाघ गरजला म्हणून खूश होणारे आणि निधी आणा म्हणणारे, दोघेही माणसाबद्दल भांडतात. प्रश्नाबद्दल बोलायला कुणाला सवड नाही.

निधीतून काय होतं ते नीट पाहू. खासदार निधी १९९३ साली सुरू झाला, तेव्हापासून तो टिकाऊ मालमत्ता उभारण्यासाठी आहे. पगार, इंधन, असा महिन्याच्या महिन्याला येणारा खर्च त्यातून करता येत नाही. आमदार निधीची घडणही त्याच धर्तीची आहे, आणि महाराष्ट्रात तो आता वर्षाला पाच कोटी रुपये आहे. त्यातून रस्ता होतो, सभामंडप होतो, व्यायामशाळा होते, थांब्यावरची निवारा शेड होते. पण एसटीच्या चालकाचा एका दिवसाचा पगार त्यातून निघत नाही. आमदाराने पाचही कोटी एकाच गावावर ओतले, तरी त्या गावाला सकाळी सव्वासहाची गाडी त्यातून मिळणार नाही. शेड उभी राहील, तिच्यावर नाव लागेल, नारळ फुटेल. गाडीला मात्र कोनशिला नसते. ती रोज यावी लागते, म्हणून तिचं उद्घाटन करण्यात कुणाला गोडी नाही. आणि ती बंद पडते त्या दिवशीही कसलाच समारंभ नसतो. पूल खचला तर बातमी होते. फेरी बंद झाली तर चौकशी खिडकीतला माणूस 'आज नाही' एवढंच म्हणतो. 'आज नाही'चं 'आता नाही' कधी झालं, ते गावाला सहा महिन्यांनी उमगतं. रेल्वेचंही हेच. कोल्हापूरहून सांगली-साताऱ्यावरून मुंबईला जाणारी सह्याद्री एक्सप्रेस २०२० मध्ये कोविडमुळे थांबली. २०२३ च्या नोव्हेंबरात ती पुन्हा रुळावर आली ती पुण्यापर्यंतच. स्थानकाची इमारत कुणी पाडली असती, तर लोक रस्त्यावर उतरले असते. गाडी गेली आणि वेळापत्रकातली एक ओळ कमी झाली, एवढंच.

कोयनाकाठच्या डोंगरात आमच्या गावाला माझ्या लहानपणी मुक्कामी गाडी होती. संध्याकाळी खिंडीतून उतरताना तिचे दिवे दिसले की घराघरांत चुलीवर भात चढायचा. चालक-वाहक मारुतीच्या देवळात झोपायचे आणि त्यांची भाकरी-आमटी कुणाच्या ना कुणाच्या घरून जायची. पहाटे सहाला तीच गाडी माघारी निघायची. तीत कॉलेजची पोरं असायची, बाजाराला निघालेल्या बायका असायच्या, दुधाचे कॅन असायचे आणि दवाखान्याला निघालेलं कुणीतरी घोंगडीत गुंडाळून बसलेलं असायचं. मुक्कामी गाडीचं मर्म असं, की सकाळी ती येईल का ही चिंताच नसायची. ती रात्रीपासून गावातच उभी असायची. आज गावापर्यंत डांबरी रस्ता आहे, रस्त्यावर दोन कोनशिला आहेत, निवारा शेडही आहे. गाडी नाही. आमच्या शेजारची मुलगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. तालुक्याच्या कॉलेजात नाव घातलं आणि वर्षभरात तिने ते सोडलं. वडापच्या, म्हणजे खासगी भाड्याच्या जीपमध्ये दाटीवाटीने तिला पाठवायला वडील तयार नव्हते, आणि मोटारसायकलवरून रोज सोडायचं तर त्यांचा रोजगार बुडत होता. मुलगी गळाली याची नोंद शिक्षण खात्याकडे कुठेतरी असेल. एसटीच्या कागदात ती मुलगी कुठेच नाही. तिथे फक्त एवढीच नोंद राहते, की अमुक फेरी कमी भारमानामुळे रद्द.

या 'कमी भारमाना'वर जरा थांबायला हवं, कारण सरकारच्या बाजूचा सगळ्यांत वजनदार मुद्दा तोच आहे. गाडीत माणसंच नसतील तर ती कुणासाठी पळवायची? एसटी महामंडळ तोट्यात आहे, गाड्या जुन्या झाल्या आहेत, चालक कमी आहेत. असलेल्या गाड्या जिथे प्रवासी आहेत तिथे लावायच्या की आठ माणसांसाठी घाट चढवायच्या? आगार व्यवस्थापकाच्या खुर्चीत बसून पाहिलं तर हा सवाल रास्त आहे, आणि त्या खुर्चीतल्या माणसाला शिव्या घालण्यात मला काहीच अर्थ वाटत नाही. त्याच्या हातात जेवढ्या गाड्या येतात तेवढ्याच तो सोडणार.

पण भारमान कमी झालं कशाने, हे कधी तपासलं जातं का? गाडी आधी वेळ चुकवू लागते. मग आठवड्यातून दोन दिवस येत नाही. ज्याला कामावर हजेरी गाठायची असते तो पहिल्यांदा तुटतो, मोटारसायकल घेतो, कर्ज काढून घेतो. मग नोकरदार बायका वडापकडे वळतात. उरतात ते पासवाले विद्यार्थी आणि म्हातारी माणसं, म्हणजे ज्यांच्याकडे दुसरा इलाज नाही ते. त्या दिवसाच्या तिकिटांची बेरीज करून फेरी तोट्यात दाखवली जाते आणि बंद होते. गाडीवरचा भरवसा उडाला म्हणून माणसं गेली आणि माणसं नाहीत म्हणून गाडी गेली. कागदावर मात्र यातला दुसरा अर्धा भागच उतरतो. २८ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालेला एसटीचा संप पुढच्या एप्रिलपर्यंत लांबला, तेव्हा हेच सहा महिन्यांत घडलं. तेवढ्या काळात लोकांनी आपापली सोय लावून घेतली. संप मिटल्यावर पुष्कळ आडबाजूच्या गावांना जुनी वेळ पुन्हा मिळाली नाही, आणि कारण विचारलं की तेच ऐकायला मिळतं. भारमान नाही.

आणि तोट्याचा हिशेब तरी पुरा मांडतो का आपण? वर्षानुवर्षं एसटीच्या तिकिटावर साडेसतरा टक्के प्रवासी कर आहे. फाट्यावर उभं राहून लाल गाडीला हात करणारी बाई शासनाच्या तिजोरीत भर घालते, आणि पुन्हा तिलाच सांगितलं जातं की तू तोट्याची आहेस. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत झाला, १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. दोन्ही निर्णय मला मनापासून पटलेले आहेत. पण जिथे गाडीच येत नाही त्या गावच्या बाईला या सवलतीतला एक रुपयाही मिळत नाही. तो मिळतो गाडी असलेल्या गावाला. म्हणजे जे गाव आधीच जोडलेलं आहे त्याला सवलत, आणि जे तुटलेलं आहे त्याला वडापचं पूर्ण भाडं. हा अन्याय कुणी मुद्दाम केला नाही, पण विचारल्याशिवाय तो कुणाच्या नजरेस पडणारही नाही.

पैसे नाहीत म्हणणाऱ्यांनी याच सांगली जिल्ह्याकडे बघावं. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. दुष्काळात मजुराला काम देणं हे सरकारचं कर्तव्य का असू नये, हा प्रश्न त्यांनी लावून धरला आणि १९६५ च्या सुमारास आपल्याच भागात त्याचा प्रयोग करून दाखवला. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी राज्यभर पोचली, १९७७ साली तिचा कायदा झाला. त्यासाठी पैसा कुठून आला? १९७५ साली व्यवसाय कर बसवला गेला. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून चार रुपये घेऊन माळावरच्या मजुराच्या हाताला काम दिलं, आणि महाराष्ट्राने ते मान्य केलं. तेव्हाचं राज्य आजच्याहून श्रीमंत होतं असं कुणी म्हणेल का? प्रश्न नीट विचारला गेला म्हणून पैशाची वाट शोधावी लागली. रोहयोआधीही दुष्काळी कामं निघतच होती, पण ती मेहेरबानी होती. कायद्यानंतर काम मागणाऱ्याला उत्तर द्यायची जबाबदारी एका अधिकाऱ्यावर आली. गावाच्या पहिल्या आणि शेवटच्या गाडीबद्दल अशी जबाबदारी कुणावर आहे?

आता दुसरा आक्षेप, आणि हा मला जास्त अस्वस्थ करतो. विचारून होतं काय? विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या याद्या ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना तो साचा पाठ असेल. 'हे खरे आहे काय?' 'हे अंशतः खरे आहे.' 'असल्यास, त्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली?' 'प्रकरणी चौकशी सुरू आहे.' 'नसल्यास, विलंबाची कारणे काय?' 'प्रश्न उद्भवत नाही.' ज्या गावात सकाळी पायपीट चालू आहे तिथे ही ओळ वाचून दाखवली तर माणसं काय म्हणतील, ते इथे लिहिता येणार नाही. शिवाय साताऱ्याला तर विचारून हाती काही न लागण्याचा एक मोठा दाखला आहे. १८३९ साली इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढून काशीला धाडलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथेच राहिले. चौदा वर्षं. ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांच्या सभेत प्रश्न मांडले गेले, अर्ज झाले, कागदपत्रं छापली गेली. दरम्यान १८४७ साली महाराज काशीतच वारले आणि १८४८ साली साताऱ्याचं राज्यच खालसा झालं. इतकं चिवट विचारणं मराठी मुलखाने फार थोडं पाहिलं असेल, आणि इतकं विफलही.

पण ते विफल का ठरलं? ज्यांना विचारायचं होतं त्यांना साताऱ्याच्या माणसाची कसलीच गरज नव्हती. त्यांची खुर्ची इथल्या मतावर नव्हती. जाब विचारायचा हक्क त्यानंतर आपल्याला तुकड्यातुकड्याने मिळाला आहे. १८९२ च्या कायद्याने कायदेमंडळातल्या सभासदांना प्रश्न विचारायची मुभा मिळाली, पण उत्तरावर पुन्हा विचारायचं नाही अशी अट होती. सरकारने जे वाचून दाखवलं ते ऐकून खाली बसायचं. पूरक प्रश्नाचा हक्क यायला १९०९ साल उजाडलं, आणि तोही ज्याने मूळ प्रश्न विचारला त्यालाच. परक्या सरकारने सतरा वर्षं हा हक्क अडवून धरला, कारण खरा धोका त्यातच होता. पहिलं उत्तर खात्यातला कारकून लिहितो, त्यावर साहेबाची सही होते आणि मंत्री ते वाचतो. पूरक प्रश्नाला मात्र मंत्र्याला स्वतःच्या डोक्यातून उत्तर द्यावं लागतं. 'अंशतः खरे' म्हणजे किती? चौकशी कुणाकडे आहे, कधी संपणार? तेव्हा छापील उत्तरांनी वैतागलेल्या माणसाचा राग मला समजतो, पण तो राग प्रश्न विचारणाऱ्यावर काढू नये. पूरक प्रश्न न विचारता खाली बसणाऱ्यावर जरूर काढावा. मंत्र्याने सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. आपल्या आमदाराने मिळवलेल्या किती आश्वासनांचं पुढे काय झालं, हे आपल्यापैकी किती जणांनी त्याला गाठून विचारलं आहे?

सत्तेतल्या आमदाराने कशाला विचारायचं, या म्हणण्याला मात्र फार जागा द्यावी असं मला वाटत नाही. १९५७ च्या डिसेंबरात आयुर्विमा महामंडळाच्या पैशातून हरिदास मुंदडाच्या कंपन्यांचे शेअर का घेतले, हा प्रश्न लोकसभेत लावून धरला तो फिरोज गांधींनी. ते काँग्रेसचे, सरकार काँग्रेसचं, पंतप्रधान त्यांचे सासरे. छागला आयोगाची चौकशी झाली आणि १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारींना पायउतार व्हावं लागलं. सरकार वाहून गेलं नाही आणि पक्षही बुडाला नाही. सत्तेतल्या माणसाने विचारलेला प्रश्न विरोधकाच्या प्रश्नाहून जड असतो, कारण त्याला राजकारण म्हणून झटकता येत नाही. मग 'आमच्या साहेबांचं मंत्रालयात वजन आहे, ते आतल्या आत काम करून घेतात' हे आपण अभिमानाने का सांगतो? आतल्या आत झालेलं काम आतल्या आत बंदही होतं. सभागृहात मिळालेलं उत्तर निदान कागदावर राहतं.

खरी अडचण पुढेच आहे, आणि ती मी नाकारणार नाही. सरकारला टोचणाऱ्याच्या मतदारसंघाला निधी कमी पडतो. जिल्हा नियोजन समितीत पालकमंत्र्यांच्या मर्जीबाहेरच्या माणसाची कामं यादीत शेवटी जातात. ज्याच्या वाडीला साकव नाही तो म्हणणारच, 'तुमचं तत्त्व राहू द्या, माझी पोरं ओढ्यातून जातात.' याला तत्त्वज्ञान सांगून भागत नाही. मी एवढंच दाखवू शकतो, की विचारणाराला लोकांनी टाकून दिलं असं आपल्या शेजारी तरी घडलेलं नाही. सांगोल्याने गणपतराव देशमुखांना अकरा वेळा निवडून दिलं. बहुतेक काळ ते विरोधी बाकावर होते आणि एसटीने फिरत होते. त्यांनी, नागनाथअण्णा नायकवडींनी आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषद भरवली. कृष्णेचं पाणी माणदेशाला कधी, हा एकच प्रश्न वर्षामागून वर्षं विचारला गेला. सरकारं बदलली, मंत्री बदलले, प्रश्न बदलला नाही. टेंभू उपसा योजनेचं पाणी आटपाडी-सांगोल्याकडे पोचलं त्यामागे पाटबंधारे खात्याचं सिमेंट आहे तसा तो चिवटपणाही आहे. आणि असं विचारणारं कुणी सापडलं नाही की काय होतं, ते जतने दाखवलं. पाण्यासाठी पूर्व भागातल्या गावांनी ठराव केले, तरी वर्षं निघून गेली. २०२२ च्या अखेरीस कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या चाळीस गावांचं नाव घेतलं, तेव्हा कुठे विस्तारित म्हैसाळ योजनेसाठी मुंबईत धावपळ झाली. आपल्या गावांच्या तहानेची आठवण आपल्या सरकारला दुसऱ्या राज्याने करून द्यावी, याचं मला आजही वाईट वाटतं.

प्रश्न विचारणं हा धंदाही होऊ शकतो, हे खरं आहे. २००५ च्या डिसेंबरात पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल संसदेच्या अकरा सदस्यांची हकालपट्टी झाली. पण त्यांना घालवलं ते प्रश्नाची किंमत ओळखूनच. प्रश्नाला मोल नसतं, तर त्यासाठी कुणी पैसे मोजले असते का?

एक आक्षेप मला अर्धा मान्य आहे. एका गावची सकाळची गाडी हा विधानसभेत विचारायचा विषय आहे का? तिथे धोरणं ठरावीत, अर्थसंकल्पावर बोलावं, कायदे तपासावेत. बरोबर. या प्रश्नाची जागा होती पंचायत समितीची मासिक सभा. तिथे खात्याखात्यांचा आढावा व्हायचा. महावितरण, आरोग्य, पाणीपुरवठा, त्यातच एसटी. आगाराचा माणूस उभा राहायचा आणि सदस्य विचारायचे, आमच्या खोऱ्याची दुपारची गाडी आठ दिवस कुठे आहे? गणित सोपं होतं. सदस्य त्याच गाडीने सभेला आलेला असायचा. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली, सातारा-सांगलीच्या जिल्हा परिषदांवर आणि पंचायत समित्यांवर प्रशासक बसले, आणि तीन वर्षांहून जास्त काळ ते तिथे राहिले. प्रशासकांत चांगली माणसं होती, त्यांनी कामंही केली. पण आढावा घेणारा आणि आढावा देणारा दोघेही सरकारचेच असले, तर 'आठ दिवस कुठे आहे' असं कोण विचारणार? सभागृह रिकामं होतं म्हणून ती गाडी थेट मुंबई-नागपूरला गेली. तिथे तिला बारा-तेरा कोटींच्या राज्यात दीड मिनिट मिळालं. दोष त्या आमदाराचा नाही. मधली पायरीच काढून टाकल्यावर माणूस उडी मारणारच.

तरीही आमदारांबद्दल एक तक्रार करायलाच हवी. ते प्रश्न फार कच्चे विचारतात. 'अमुक गावची गाडी सुरू करणार काय' असं विचारलं की मंत्री 'तपासून उचित कार्यवाही करू' म्हणतात आणि विषय मिटतो. त्याऐवजी विचारा, जिल्ह्यातल्या प्रत्येक आगारातून दहा वर्षांपूर्वी किती मुक्कामी गाड्या होत्या आणि आज किती आहेत? गेल्या वर्षी शाळा-कॉलेजच्या वेळेतल्या किती फेऱ्या आयत्या वेळी रद्द झाल्या, आणि त्या दिवशी त्या आगाराच्या किती गाड्या लग्नाच्या नाहीतर सभेच्या करारावर बाहेर होत्या? मुलींच्या मोफत पासांपैकी किती पास गाडी नसलेल्या मार्गांवर आहेत? असा प्रश्न तयार करायला अभ्यास लागतो, आगारात जाऊन बसावं लागतं, वाहतूक नियंत्रकाशी चहा घ्यावा लागतो. त्याची चित्रफीत होत नाही. पण त्याचं उत्तर द्यायला खात्याला आकडे काढावे लागतात, आणि एकदा आकडे निघाले की फेरी गुपचूप बंद करणं अवघड होतं.

सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. आयर्विन पूल १९२९ सालचा. संस्थानकाळात बांधलेली ती वास्तू अजून उभी आहे आणि तिचा अभिमान वाटावा अशीच आहे. पण ऑगस्ट आला की सांगलीतलं प्रत्येक घर विचारतं, 'आयर्विनला पाणी किती?' पूल म्हणजे वास्तू झाली. तासातासाला जाऊन फूट वाचणारा आणि ते गावाला कळवणारा माणूस, ही सेवा झाली. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांवर गेलं, ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. त्यानंतर सगळ्यांनी विचारलं, नदीकाठच्या गावांना बोटी किती होत्या, त्यांची अवस्था काय होती, जाकिटं होती का? हे प्रश्न मार्च-एप्रिलमध्ये कुणी विचारले असते, तर ऐकणाऱ्यांना ते क्षुल्लक वाटले असते. सेवेबद्दलचा प्रश्न वेळेवर विचारला की नेहमी क्षुल्लकच वाटतो. आणि यंत्रणेला जमत नाही हे तर मी ऐकूनच घेणार नाही. एप्रिल २०१६ मध्ये याच मिरजेच्या स्थानकातून पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे लातूरला निघाली. अख्खा देश विचारत होता, म्हणून वाघिणी धुतल्या गेल्या, नळ जोडले गेले, गाडी सुटली.

तेव्हा पुढच्या अधिवेशनात चित्रफीत आली, की 'वाघ' आणि 'निधी' दोन्ही बाजूला ठेवून आपल्या प्रतिनिधीला त्या प्रश्नाचं छापील उत्तर मागू या. तो देणार नसेल, तर विधिमंडळाच्या कामकाजात ते मिळतं, आपण काढून घेऊ. ग्रामसभेत वाचू. ज्याने विचारलं त्याला सांगू, पूरक प्रश्न हा घे. आमच्या गावातून मी तो लिहून ठेवला आहे, सभागृहाच्याच भाषेत:

सातारा जिल्ह्याच्या डोंगरी भागातील मुक्कामी फेऱ्या कमी भारमानाचे कारण देऊन बंद करण्यात आल्या, हे खरे आहे काय? असल्यास, त्या बंद करण्यापूर्वीच्या वर्षभरात प्रत्येक फेरी किती दिवस वेळेवर सुटली? त्या मार्गांवरील किती मुलींनी त्यानंतर महाविद्यालय सोडले, याची माहिती शासनाने घेतली आहे काय? नसल्यास, ती कोण घेणार आहे? आणि पहिली गाडी कोणत्या तारखेला, किती वाजता सुटेल?